विहिरीजवळचे वाफे

मांडा फाटला की लोक आधी बाईच्या हातांकडे बघतात. कणकेकडे कोणी बघत नाही, आणि कणीक ज्या गव्हाची त्या गव्हाकडे तर नाहीच नाही. मी झुंबरबाई. सोनगीरच्या अलीकडे आमचं गाव, महामार्गावरून आत वळलं की पहिली शेतं आमचीच. लग्न असो, बारसं असो, गावात खापर चुलीवर चढलं की पहिलं बोलावणं मला यायचं. घरात आम्ही अहिराणी बोलतो. तुम्हाला कळावं म्हणून सरळ मराठीत सांगतेय. रागात एखादा शब्द निसटला तर समजून घ्या. राग मला येतो, आणि आला की लपत नाही.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते. खापर म्हणजे पालथं घातलेलं मातीचं मोठं भांडं, खाली जाळ. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर घ्यायचा, मनगटावरून कोपरापर्यंत फिरवत फिरवत वाढवायचा आणि रुमालासारखा पातळ झाला की अलगद खापरावर टाकायचा. पोळपाट नाही, लाटणं नाही, नुसते हात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या खानदेशात लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, आणि घरोघरी आमरस-मांडे होतात. त्या दिवशीचा मांडा घरच्या शेतातल्या नव्या गव्हाचाच हवा, हा आमच्या घरचा नेम.

मागल्या आखाजीला माझी लेक भूमिका लग्नानंतर पहिल्यांदा सणाला आली. सोबत तिची सासू, पाचोऱ्याची विहीणबाई. मी तिला खास सांगून बोलावलं होतं, म्हटलं, या तर खऱ्या, पाचोऱ्याला असा मांडा बघितला नसेल. एवढी मिजास! आणि पहिलाच मांडा मनगटावर असतानाच फाटला. पुरण चुलीत पडलं, धूर झाला. दुसरा फाटला. तिसरा खापरावर टाकता टाकता मधून उसवला. माझी जाऊ सुपडाबाई, धाकटे दीर निंबाभाऊंची बायको, तिथेच बसली होती. ती उठली, घरातून पोळपाट-लाटणं घेऊन आली आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या अक्का, मी पोळ्या लाटस." विहीणबाई मान खाली घालून आंबे पिळत होती. मेले असते तर बरं, असं वाटलं.

पण ते काहीच नाही. खरं दुखलं ते पुढे. ओसरीवर पुरुषमाणसं बसलेली. विहीणबाईनं आपलं सहज विचारलं, "गहू कोणता हो नाना?" नाना म्हणजे आमचे मालक, नथ्थू नाना. त्यांनी एक क्षण दम घेतला नाही. म्हणाले, "गहू एक नंबर शे. हिना हात ग्यात. मनगटनं हाड मोडेल व्हतं ना."

हाड मोडलं होतं, खरं आहे. गोठ्यात शेणावरून पाय घसरला होता. पण ते कधीच जुळलं होतं. धुळ्याच्या डॉक्टरनं फोटो काढून दाखवला होता, म्हणाला, मावशी, आता दगड फोडा. आणि हा माणूस चार लोकांत सांगतो की हिचे हात गेले! का, तर त्यांच्या गव्हाला बोल लागू नये.

कारण त्यांच्या गव्हाचा फळा होता ना! बांधावर, रस्त्याकडेला, पत्र्याचा हिरवा फळा. 'विषमुक्त शेती. शुद्ध शेणखतावरचा गहू.' नानांनी आणि गावातल्या आणखी काही जणांनी देवीच्या देवळात नारळ फोडून शपथ घेतली होती, की रासायनिक खताची गोणी शेतात आणणार नाही. धुळ्याची शिकलेली माणसं मोटारी घेऊन यायची, फळ्याजवळ उभी राहून फोटो काढायची, पोतं पोतं गहू न्यायची. नानांना लोक सभेत बोलायला बोलवायचे. मला त्याचं वाईट नव्हतं. शेणखत मीच वाहिलंय आयुष्यभर, डोक्यावर पाट्या घेऊन. पण आमच्या गोठ्यात जनावरं किती? एक बैलजोडी आणि एक म्हैस. तेवढ्यात वीतभर परसाचं भागतं, सगळ्या गव्हाचं कुठून भागायचं?

त्या आखाजीनंतर मला कोणी बोलावेना. गावातल्या जीवरामच्या मुलीचं लग्न झालं, खापरावर सुपडाबाई बसली. मला म्हणाले, अक्का, तुम्ही पुरण वाटा, आराम करा. आराम! मी घरी येऊन भिजलेली गोधडी एकटीनं पिळली. थेंब राहू दिला नाही. सून मयुरी बघत राहिली, म्हणाली, "आई, हातात जोर तर आहे की तुमच्या." मी म्हटलं, "जोर वेगळा अन् मांडा वेगळा." कारण खरं सांगते, मलाही वाटायला लागलं होतं. माणूस पन्नास वेळा तेच ऐकतं, मग त्याचे हातही ऐकायला लागतात. मयुरी म्हणाली, बाजारचा गहू आणू, एकदा करून बघा. मी नाही धजले. त्याचाही फाटला असता तर मग बोलायला काय उरलं असतं?

श्रावणात गहू निवडायला बसलो होतो. ताटात दाणे पसरले आणि मयुरीनं एक उचलला. "आई, याचं पोट पांढरं का दिसतं?" मी बघितलं. अर्धा दाणा तांबूस, अर्धा खडूसारखा. दुसरा तसाच. तिसरा तसाच. दातांखाली धरला तर भुसकन पिठूळ फुटला. आमचा पूर्वीचा लोकवन कडकन फुटायचा, आत काचेसारखा. अगं बाई! इतकी वर्षं गहू निवडतेय, आणि माझं लक्ष कुठे होतं? माझं लक्ष सगळं माझ्या मनगटात.

दाण्यांची पुरचुंडी बांधली आणि सोनगीरला गेले. माझा भाचा पियुष, भावाचा मुलगा, त्याचं तिथे बी-खताचं दुकान आहे. शेतकी शाळा शिकलेला आहे. त्यानं दाणा ब्लेडनं कापला, मला दाखवला. म्हणाला, "आत्या, हा उपाशी गहू आहे. दाणा भरताना नत्र पुरलं नाही की पोट असं पांढरं पडतं. कणकेला चिवटपणा येतो तो त्या नत्रानंच. हा गहू पोळीला चालेल, भाकरीसारखा थापला तरी चालेल. हातावर ताणला तर फाटणारच."

मी म्हटलं, "पहिली दोन वर्षं तर नव्हता फाटला."

"जमिनीत आधीचं शिल्लक होतं, त्यावर निघालं. आता तीन वर्षं गोणी बंद, आणि शेणखत पडतं पायलीला चिमूटभर. त्यातून शेणखत सुटतं सावकाश. थंडीत गव्हाला ज्या दिवशी भूक लागते, त्या दिवशी ते ताट वाढत नाही."

"मग शेणखत सोडू?"

"अजिबात नाही!" पोरगं एकदम उखडलं. "नुसती गोणी टाकणारेही येतात माझ्याकडे, जमीन फरशीसारखी झालीय त्यांची, पाणी दिलं की चिरते. दोन्ही घाला. शेणखत भरपूर, आणि त्यावर गोणी निम्मीच. पेरताना स्फुरद, मग युरिया दोन हप्त्यांत, पाण्याच्या पाळीला. जास्त घालू नका, गहू माजतो आणि लोळतो."

माझे डोळे भरून आले. दुकानात माणसं होती, पण मला लाज वाटली नाही. हात गेले नव्हते माझे.

घरी येऊन नानांना सांगितलं. दाणाही कापून दाखवला. ते दाण्याकडे बघेनात, पुरचुंडीकडे बघून म्हणाले, "त्याले गोण्या खपवणं शेतस."

"निम्मी घाल म्हणतोय तो. खपवणारा निम्मी सांगेल?"

"मी देवीसमोर शपथ घेतलीय."

"घेतली तेव्हा मला विचारलं होतं?"

"शेत शेवटी…"

"पुढे बोलू नका," मी म्हटलं. कारण विहिरीजवळचे वाफे माझ्या नावावर आहेत. सासऱ्यांनी मरण्याआधी स्वतः करून दिले होते, म्हणाले होते, ही पोरगी आल्यापासून घरात मांडा खातोय. "तुमची शपथ तुमच्या शेताला. माझ्या वाफ्यांना नाही. या आखाजीला त्या वाफ्यांच्या गव्हाचा मांडा मी करीन, सगळ्यांसमोर, विहीणबाईसमोर. फाटला, तर खापर सुपडाबाईच्या घरी स्वतः नेऊन देईन, पुन्हा हात लावणार नाही. आणि नाही फाटला, तर तुम्ही काय करायचं ते तुम्ही ठरवा."

त्यांनी काही ठरवलं नाही. त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं.

दसऱ्यानंतर बाजरी निघाली तेव्हा ठेलारी आले. मेंढ्या घेऊन फिरणारी ही माणसं, दर वर्षी आमच्याकडून जातात. भिकन ठेलारी नानांच्या ओळखीचा. मेंढ्या रिकाम्या शेतात रात्रीच्या बसवायच्या, रोज त्यांचा वाडा, म्हणजे भोवतीचं जाळीचं कुंपण, थोडा पुढे सरकवायचा, म्हणजे लेंडी-मूत सगळीकडे सारखं पडतं. बदल्यात ठेलाऱ्यांना धान्य द्यायचं. नानांनी सगळ्या शेतात वाडा बसवला. माझ्या वाफ्यांजवळ आले आणि भिकनला म्हणाले, "आठे नको. आठली मालकीण गोणीवाली शे."

मी विहिरीवरच होते. म्हटलं, "भिकनभाऊ, इथेही बसव. तुझं धान्य मी देते. माझं मेंढीशी भांडण नाही." भिकन बिचारा एकदा त्यांच्याकडे बघे, एकदा माझ्याकडे. शेवटी मेंढ्यांनीच ठरवलं. विहिरीजवळ गवत होतं, त्या आपल्या तिकडे गेल्या.

पेरणी एकाच दिवशी झाली, बी एकच, लोकवन. माझा मुलगा हितेंद्र ट्रॅक्टरवर होता. आईचं ऐकू की बापाचं, अशी त्याची पंचाईत. त्यानं माझ्या वाफ्यांत येताना तोंड दुसरीकडे केलं आणि मी पियुषनं दिलेलं स्फुरद बियांसोबत सोडलं. पहिलं पाणी देताना युरिया टाकला, दुसऱ्यांदा पुन्हा. वजन करून टाकला. फक्त कडेच्या वाफ्यात जरा मूठ सैल सुटली. त्या दिवशी सुपडाबाई बांधावरून जाताना म्हणाली होती, अक्का, हात थरथरतो का हो टाकताना? रागात दोन मुठी जास्त पडल्या. माघात वारा सुटला तेव्हा नेमका तेवढाच वाफा आडवा झाला, म्हैस लोळल्यासारखा. पियुष बघायला आला आणि मला म्हणाला, "आत्या, हे रागाचं खत दिसतंय."

बाकीचे वाफे मात्र बघत राहावेत असे होते. नानांचा गहूही वाईट नव्हता हो, वाड्यामुळे मागल्या वर्षीपेक्षा बराच बरा होता. पण पिवळसर, आणि ओंब्या आखूड. माझा गर्द, आणि ओंबी हाताला जड. बांधावर उभं राहिलं की कुठून कुठपर्यंत कोणाचा, ते रस्त्यावरूनही दिसायचं. धुळ्याचा एक गिऱ्हाईक मोटार थांबवून नानांना म्हणाला, "नाना, आम्हाला त्या विहिरीजवळचा द्या." मी पाणी भरत होते. नाना म्हणाले, "तो विकायचा नाही." एवढंच. शपथेचं सांगितलं नाही, गोणीचं सांगितलं नाही, माझ्याविरुद्धही काही बोलले नाहीत. माझा राग अजून होता, पण हे मी लक्षात ठेवलं. खोटं सांगून विकता आला असता, त्यांनी तसं केलं नाही.

होळीनंतर गहू निघाला. मी दोन्ही वेगळे ठेवले. दोन्ही धुतले, वाळवले, ओलसर करून दळले, पीठ धोतराच्या फडक्यातून गाळलं. आखाजीच्या पहाटे दोन परातींत दोन कणका भिजवल्या, पाणी मारमारून, आपटून आपटून. मयुरी म्हणाली, "आई, नानांच्या गव्हाची कशाला? तुमचीच करा." मी म्हटलं, "नाही. आधी त्यांचा. याच हातांनी."

अंगणात चूल मांडली. भूमिका आली होती, विहीणबाई आली होती, या वेळी जरा घाबरतच. सुपडाबाई पाटावर बसली, लाटणं पदराखाली घेऊन. मला दिसलं. ओसरीवर नाना, निंबाभाऊ, जावई, पियुष. सगळ्यांना माहीत होतं आज काय आहे ते. पोरी झोक्यावर गाणी म्हणत होत्या, त्याही थांबल्या.

नानांच्या गव्हाचा गोळा घेतला. मनगटापर्यंत आला, जरा पुढे गेला, मला वाटलं निघतोय की काय, आणि टर्रकन फाटला. दुसरा घेतला, जपून घेतला, देवाशपथ मी त्याला फसवलं नाही. तोही फाटला. दोन्ही तसेच भाजून बाजूला ठेवले. सुपडाबाईनं जिभेनं चुकचुक केलं.

मग माझ्या वाफ्यांचा गोळा. हातावर घेतल्याबरोबर कळलं मला. गोळा ओढ धरतो, हाताला मागे खेचतो, ते पंचवीस वर्षांपासून माझ्या हातांना माहीत आहे. फिरवला. मनगट गेलं, कोपर आलं. अजून वाढवला. आतलं पुरण पिवळं दिसायला लागलं, पुरणातून माझ्या बांगड्या दिसायला लागल्या. विहीणबाई "अगं माय!" म्हणाली. खापरावर टाकला, एक सुरकुती नाही. दुसरा तसाच. तिसरा तसाच. भूमिका रडायला लागली, वेडी. सुपडाबाईनं लाटणं हळूच मागे सरकवलं आणि म्हणाली, "माय व! अक्का, माले शिकाडशात का?" खरं सांगते, तिच्यावरचा राग तिथेच गेला.

पण मी ओसरीकडे बघितलं नाही. मुद्दाम नाही बघितलं. पानं मांडली, पुरुषमाणसं जेवायला बसली. मयुरी वाढायला गेली. नानांच्या ताटात तिनं चांगला मांडा ठेवला, तर त्यांनी तो उचलून विहीणबाईच्या पानासाठी परत दिला. म्हणाले, "माले तो फाटेल दे. मन्हा गहूना."

मग ते बोलले, मोठ्यानं, मागल्या वर्षी बोलले होते तेवढ्याच मोठ्यानं. "विहीणबाई, मांगला सालले बी गहूच फाटना व्हता. मी खोटं बोलनू. हिना हात ग्यात नहीत."

आणि उठले. जेवण सोडून कुठे चालले म्हणून सगळे बघत राहिले. वारा सुटला होता, जाळ खापराखालून बाहेर येत होता, माझी धांदल चालली होती. नाना परत आले ते बांधावरचा पत्र्याचा फळा उपटून घेऊनच. तो त्यांनी चुलीच्या वाऱ्याकडच्या बाजूला उभा केला, मागे दोन विटा लावल्या. अक्षरं आतल्या बाजूला, जाळाकडे. शुद्ध शेणखतावरचा गहू. रंग तापून फुगायला लागला.

"शपथेचं काय मग?" मी विचारलं. किती महिन्यांनी मी त्यांच्याशी बोलत होते.

"देवीले सांगसू, वाडा बी बसाडसू, गोणी बी टाकसू, निम्मी. अन् लोकेस्ले खरं सांगीसन गहू इकसू." मग म्हणाले, "तू येशी ना संगे?"

वर्षभर मी ठरवून ठेवलं होतं, या दिवशी काय काय ऐकवायचं ते. गोधडी पिळताना ठरवलं होतं, युरिया टाकताना ठरवलं होतं. ते सगळं बाजूला राहिलं. म्हटलं, "येसू. जेवाले बसा आते." आणि पुढचा गोळा हातावर घेतला. माझ्याच वाफ्यांचा गहू, तीच कणीक. मनगटापर्यंत आला, आणि माझे हात असे काही कापायला लागले, की मांडा मधोमध फाटला.

सुपडाबाई बघतच राहिली. "आता हो अक्का? आता तर गहूबी चांगला शे!"

मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं, धुराचं नव्हतं. तो फाटका मांडा तसाच भाजला आणि उठून स्वतः नानांच्या ताटात वाढला. त्यांनी त्यावर तूप मागितलं.